शेकाची वीट

मित्रांनो, मी एक वीट आहे. जुनी आहे, धुराने काळवंडलेली आहे आणि स्वभावाने जरा कडकच आहे. जी भट्टीतून भाजून निघाली, तिच्याकडून गोड गोड बोलण्याची अपेक्षा तुम्ही तरी कशाला करता? माझ्या बहिणी इमारतींच्या भिंतींत बसल्या आणि गिलाव्याआड सुखाने राहिल्या. माझं आयुष्य मात्र एका मुलीच्या पायाशी गेलं. त्या पायाचं काय झालं, तेच मला सांगायचं आहे. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तक्रार नको.

माझा जन्म पनवेलच्या पलीकडे एका वीटभट्टीवर झाला. मला साच्यात थापणारी बाई हौशी होती, पण कामात फार कडक. ओल्या विटा रांगेने मांडून झाल्या की ती त्यांच्यावर पेंढा पसरायची. एकदा एका नव्या बाईने आळस केला आणि तिची रांग उघडीच ठेवली. दुपारपर्यंत त्या रांगेतली एकही वीट धड राहिली नाही. "अगं बये, उन्हानं एकदम पाणी ओढलं की माती तडकणारच," आमची बाई तिला म्हणाली. "आधी सावलीत सुकू दे तिला. मग भट्टीत कितीही तापव." मी पेंढ्याखाली सुकले, म्हणून वाचले.

तिथून ट्रकमध्ये बसून मी सानपाड्याला आले. तेव्हा नवी मुंबईत जिकडे पाहावं तिकडे बांधकाम चालू होतं. आमची इमारत उभी राहिली, लोक सामान घेऊन राहायला आले आणि मी उरले. उरलेल्या विटेला कोण विचारतो? रस्त्याच्या कडेला ढिगात पडून होते. कुत्री यायची. काय करून जायची ते विचारू नका.

त्या ढिगातून मला आप्पांनी उचललं. आप्पा मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ते पाठीवरून गोणी वाहायचे. तरुणपणी गावच्या तालमीत कुस्त्या खेळलेले. मोडलेले, गड्ड्यासारखे कान बघून कोणीही ओळखावं. घणसोली गावात राहीबाई नावाच्या आगरी म्हातारीच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन ते राहत होते. घरात बायको वेणूबाई आणि एकुलती एक मुलगी उत्कर्षा. पाण्याचं पिंप डुगडुगत होतं, त्याला टेकण म्हणून मला आणलं होतं. पण पिंपाखाली मी फार दिवस राहिले नाही.

गोणी वाहून वाहून आप्पांची पाठ धरायची. एके दिवशी राहीबाई दारात येऊन म्हणाल्या, "वेनू, वीट तापव गो. निगडीचा पाला हाय माज्या परसान, तो घाल नि शेक दे. मोकला व्हईल." वेणूबाईंनी मला स्टोव्हवर ठेवलं, चांगलं तापवलं, वर निर्गुडीचा पाला घातला, गोणपाटात गुंडाळलं आणि आप्पांच्या पाठीवर ठेवलं. आप्पांनी "आ हा हा" केलं. "ह्या विटंत गुण हाय बरं का," ते म्हणाले. मग काय, माझी छाती फुगली! रोज संध्याकाळी मी तापायची आणि आप्पांची पाठ सैल व्हायची. शेजारपाजारचे लोक मला मागून न्यायचे. कोणाची मान, कोणाची कंबर. इमारतीतल्या बहिणींना एवढा मान कधी मिळाला असेल का? ते माझे चांगले दिवस होते.

पण विटेच्या शेकाने म्हातारी होत चाललेली पाठ तरुण होत नाही. आप्पांना पायऱ्या चढताना भिंतीचा आधार लागू लागला. त्याच सुमारास पोलीस भरतीत मुलींनाही जागा निघाल्या. उत्कर्षा बारावी झाली होती. शाळेत असताना पळण्यात तिने बक्षिसं मिळवली होती. ती भरतीत लागली तर आप्पा गोणी खाली ठेवणार होते. नाही लागली तर खोली सोडून सगळे गावी परतणार होते आणि तिथे तिचं लग्न ठरलेलंच होतं म्हणा. मुलगा बघून ठेवलेला होता. उत्कर्षाला तो मुलगाही नको होता आणि ते गावही. तिला खाकी वर्दी हवी होती. आरशासमोर उभी राहून ती गुपचूप सॅल्यूट मारायची. बघणारी मी एकटीच.

घणसोलीच्या मागे खाडीकडे मुरूम टाकून सपाट केलेली मोठी मोकळी जागा होती. इमारती अजून यायच्या होत्या. एका टोकाला सिमेंटचे मोठाले पाइप पडलेले असायचे. आप्पांनी मला दुसऱ्या टोकाला ठेवलं आणि म्हणाले, "पाइपापासनं पळायचं, विटंला शिवायचं आन् माघारी. समजलं?" अशी मी दिवसा मैदानात खूण म्हणून आणि संध्याकाळी घरी शेकाला, दोन्हीकडे राबू लागले. माझी तक्रार नव्हती. तिने वाकून मला हात लावला की बरंच वाटायचं.

आता मूळ घोटाळा ऐका. बाजाराचं काम पहाटे सुरू व्हायचं, त्यामुळे आप्पा मोकळे व्हायचे ते भर दुपारी. आणि महिना एप्रिलचा. मुरूम तव्यासारखा तापलेला, वर खाडीची दमट हवा, घाम वाळता वाळत नाही. वेणूबाई म्हणायच्या, "अहो, ऊन कलल्यावर न्या की तिला." आप्पा ऐकतील तर शपथ! "परीक्षा काय सावलीत घेणार हायत का? उन्हात तापलेला गडी कुठंबी हरत न्हाई." त्यातून तालमीचा नियम, घाम वाळल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचं नाही. "पानी प्यालं की अंग जड हुतं. वस्तादानं आमाला कधी पिऊ दिलं न्हाई." कुस्तीतलं सगळं आप्पांनी पळण्याला लावलं. त्यांच्या वस्तादांनी त्यांना भरउन्हात मुरमावर कधी पळवलं होतं का, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. मला तोंड असतं तर मी विचारलं असतं.

कोपरखैरण्याच्या नव्या सोसायटीतली गीतांजली नावाची एक मुलगी काही दिवसांनी त्यांच्यात आली. तिचे वडील मुंबईला एका कार्यालयात कारकून होते. "काका, मला पण शिकवा ना, प्लीज," तिने गळ घातली आणि आप्पा हो म्हणाले. दोघी बरोबर पळायच्या. उत्कर्षा नेहमी पुढे. गीतांजली मध्येच "काका, दोन मिनिटं" म्हणायची आणि पाइपांच्या मागे जाऊन बसायची. दोन दिवस तर ताप आला म्हणून ती आलीच नाही. आप्पा हसून म्हणायचे, "नाजूक हाय पोर." उत्कर्षा एक दिवस थांबली नाही, एक घोट प्याली नाही.

आधी तिच्या पोटऱ्या भरून आल्या. मग गोळे येऊ लागले. रात्री झोपेत कळवळून उठायची, पायाचा अंगठा धरून ओढायची. आप्पा म्हणाले, "दुखतंय न्हवं? मग झ्याक. अंग दुखल्याबिगर अंग बनत न्हाई." आणि संध्याकाळी मला तापवून तिच्या पोटऱ्यांना शेक द्यायचे, वर तेल लावून अंगठ्याने रगडायचे, अगदी पैलवानाला रगडतात तसे. पोटऱ्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण मग दुखणं खाली उतरलं. टाचेच्या वर जी जाड शीर असते ना, मित्रांनो, हात लावून बघा, तिथे. सकाळी उठल्यावर पहिली पावलं ती लंगडत टाकायची. थोडं चाललं की सुटायची. पळून आली की पुन्हा धरायची. ती शीर सुजली, लाल झाली, हाताला गरम लागू लागली. आणि त्या गरम शिरेवर हे मला, पेटत्या स्टोव्हवरून उतरवलेल्या विटेला ठेवायचे! मी जिला शिवायची ती आधीच माझ्याइतकी तापलेली. आगीत तेल ओतणं म्हणतात ते हेच.

राहीबाईंनीही पाहिलं. "आप्पा, पोर लंगरते. बगा जरा." आप्पा म्हणाले, "तुमचाच पाला चाललाय की मावशी." राहीबाईंनी मग आणखी पाला आणून दिला.

शेवटी वेणूबाई तिला आप्पांना न सांगता डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मी घरीच होते, पण परत आल्यावर मायलेकींचं बोलणं माझ्यासमोरच झालं. नंदिनी नावाच्या डॉक्टरबाईंनी शीर चाचपून सांगितलं होतं, शेक बंद, रगडणं बंद, बर्फ लावा, भरपूर पाणी पाजा, आणि पळणं पूर्ण बंद. नाहीतर शीर तुटेल.

"मग आता?" वेणूबाई म्हणाल्या.

"मग काय? भरती आलीय तोंडावर. आता बसले तर संपलंच ना सगळं," उत्कर्षा म्हणाली. "आप्पांना सांगू नकोस. ते गोणी उचलताना कसे कण्हतात ते बघितलंयस ना तू? एवढं झालं की मी महिनाभर झोपून राहीन. प्रॉमिस."

वेणूबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. संध्याकाळी आप्पा आले, त्यांनी "पाय कसा हाय?" विचारलं, आणि उत्कर्षा हसून म्हणाली, "एकदम मस्त." त्यांनी मला स्टोव्हवर ठेवलं. वेणूबाई तोंड फिरवून भाकरी थापत होत्या. दोघींपैकी एकीचंही खोटं दुसऱ्याच्या वाईटासाठी नव्हतं. म्हणून तर मला अजून संताप येतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तरी विश्रांती द्यायची की नाही? पण नाही. "निस्ता एक शेवटचा हात," आप्पा म्हणाले. गीतांजली त्या दिवशी आली नव्हती. दुपारचं ऊन इतकं होतं की खाडीकडचे बगळेही कुठे दिसत नव्हते. दूर पाइपांपाशी काही मुलं क्रिकेट खेळत होती, तीही सावलीला बसली. उत्कर्षा पळत निघाली. ओठ सुकून पांढरे पडलेले, डोळे माझ्यावर लावलेले. घाम यायचाही बंद झाला होता. माझ्याजवळ आली, वाकली, मला हात लावला आणि वळून पायाला जोर दिला.

तेव्हा आवाज झाला. मोठा नव्हता. सुतळी ताणून तुटावी तसा टप्प.

ती तोंडावर पडली. मग उठून बसली आणि रागाने मागे पाहत ओरडली, "कोणी मारली? वीट कोणी मारली मला?"

तिला खरंच वाटलं, मित्रांनो, की कोणीतरी मागून तिच्या टाचेवर वीट फेकून मारली. आप्पा पळत आले. "कोन हाय रं त्यो? मुडदा बशिवला तुमचा!" म्हणत क्रिकेटच्या पोरांवर धावले. पोरं घाबरून उभी राहिली. "आमी कुठं काय केलं काका? आमी तर बसलोय इथं." आप्पा मागे वळले. माझ्याकडे पाहिलं. मला जिथे ठेवलं होतं तिथेच मी होते, जागची हलले नव्हते. मग त्यांनी तिच्या टाचेवर हात फिरवला. जिथे शीर असायला हवी तिथे त्यांचं बोट आत गेलं.

त्यांनी तिला पाठीवर घेतलं, एका हातात मला उचललं आणि घरापर्यंत चालत आले. पायऱ्या चढताना जिला भिंतीचा आधार लागायचा, तीच ही पाठ. वाटेत ती एवढंच म्हणत होती, "आप्पा, उद्यापर्यंत बरं होईल ना? उद्यापर्यंत होईल ना?"

आणि घरी येऊन त्यांनी काय करावं? स्टोव्ह पेटवला आणि मला वर ठेवलं. माणूस घाबरला की त्याला जे एकच येतं तेच तो करतो. मी तापत गेले. पाला नव्हता, गोणपाट हाताशी नव्हतं. ते मला पकडीत धरून तिच्या पायाकडे वळले, तोच वेणूबाई उठल्या. इतक्या वर्षांत त्या नवऱ्यापुढे कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या. त्यांनी पकड हिसकावून घेतली. "बास झाला तुमचा शेक! शीर तुटल म्हणून डॉक्टरीन सांगत हुती, आन् मी गप बसले. बास झालं आता!" आणि त्यांनी मला मोरीत भिरकावलं. पाण्यात पडून मी चर्रकन ओरडले आणि माझा एक कोपरा तडकून निघाला. माझं दुःख कोणी करू नका. मला बरंच वाटलं.

सरकारी दवाखान्यात उत्कर्षाचं ऑपरेशन झालं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून ती घरी आली. परीक्षा होऊन गेली होती. खोलीत कोणी भरतीचं नाव काढत नव्हतं. आप्पा बाजारात जात होते, येत होते, भिंतीकडे तोंड करून झोपत होते. वेणूबाई शेकाचं विचारायच्या, ते मान हलवून नको म्हणायचे. मी मोरीच्या कोपऱ्यात शेवाळ धरत पडले.

मग एका संध्याकाळी गीतांजली आली. हातात पेढ्यांचा पुडा होता. दारातच घुटमळली. उत्कर्षानेच हाक मारली, "ये ना गं. झालं सिलेक्शन? मला माहीत होतं." गीतांजलीने तिच्या हातावर पेढा ठेवला आणि आप्पांच्या पाया पडायला वाकली. आप्पांनी पाय मागे घेतले.

"आप्पा, आशीर्वाद द्या ना तिला," उत्कर्षा म्हणाली.

गीतांजलीला रडू फुटलं. "काका, तुम्ही शिकवलंत म्हणून झालं. पण मी तुमचं ऐकलं नाही हो. मी त्या पाइपांमागे बाटली ठेवायचे. पाणी प्यायचे. आणि ताप नव्हता आला मला. पाय दुखत होते म्हणून घरी झोपले होते."

"ठावं हाय मला," आप्पा म्हणाले. "बघत हुतो की मी."

"मग ओरडला का नाहीत?"

आप्पा साधेपणाने बोलून गेले. काय बोलतो आहोत ते त्यांना कळलंही नसावं. "परक्याची पोर तू. तुला काय झालं असतं तर तुझ्या बापाला काय सांगितलं असतं मी?"

उत्कर्षाच्या हातात पेढा तसाच होता. ती वडिलांकडे बघत होती. रागाने नाही, मला तर वाटतं रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि माझ्या बापाला कोण सांगणार होतं, आप्पा?" ती म्हणाली.

आप्पा उठून मोरीत आले. माझ्याशेजारी उकिडवे बसले, तोंडात धोतराचा सोगा कोंबला आणि रडले. बाहेर गीतांजली, वेणूबाई, उत्कर्षा, तिघी ऐकत होत्या. त्यांना उठवायला कोणी आलं नाही.

त्याला काही वर्षं झाली. गावच्या त्या मुलाकडून निरोप आला की लंगडी मुलगी नको. ते एक बरं झालं म्हणायचं, की आणखी एक वाईट, हे तुम्हीच ठरवा. खोली सोडली नाही. उत्कर्षा आता कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर बसते. लोकांना नंबर लावून देते. आप्पांची गोणी अजून सुटलेली नाही. मुरमाच्या जागेवर इमारतींचे खांब उभे राहिले आहेत. तरी उरलेल्या तुकड्यात दुपारच्या उन्हात भरतीची मुलं पळताना दिसली की आप्पा बाजारातून येता येता थांबतात आणि ओरडतात, "अरं, पानी प्या! सावलीला बसा!" मुलं हसतात. ह्या म्हाताऱ्याला पळण्यातलं काय कळतंय, म्हणतात.

मित्रांनो, मी वीट आहे, मला शिकवणं जमत नाही. पण एवढं ऐका. उन्हात पळताना तहान लागली तर थांबा आणि प्या. पोटरीत गोळा आला, शीर धरली, तर ती तुमची परीक्षा घेत नसते, ती तुम्हाला हाक मारत असते. दुखतंय म्हणून सांगायला लाजू नका. आणि घरातल्या मोठ्यांनाही माझा निरोप द्या. शेजारच्याच्या मुलाला जेवढं जपता, तेवढं तरी आपल्या मुलाला जपा.

आता मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी असते. उत्कर्षाचा पाय जुळला, पण त्या शिरेत पूर्वीची ताकद परत आली नाही. टाच उचलून चवड्यावर उभं राहणं तिला जमत नाही. वरच्या फळीवरचा चहाचा डबा तिच्या हाताला थोडक्यात लागत नाही. मग ती पायाने मला सरकवते, भिंतीला हात लावते आणि माझ्यावर उभी राहते. मी हलत नाही.